चेंडू परतवणारा

चौथ्यांदा चेंडू ऍरनच्या डोक्यावरून थेट मैदानाबाहेर गेला, तेव्हा कुठे रिवकाने मिटलेले डोळे उघडले. तिचा मुलगा मैदानाच्या टोकाला एकटाच उभा होता. चेंडू कुठे पडला ते त्याने वळून पाहिलं आणि हेल्मेट काढत तो सावकाश कडेच्या बाकांकडे चालू लागला. टॉटनमचं ते भलंमोठं स्टेडियम खच्चून भरलेलं होतं, आणि त्यातल्या दोन रांगा केवळ ऍरन पेणकरला पळताना बघायला आल्या होत्या.

त्या दोन रांगांत मुंबई-ठाण्याकडून कधीकाळी लंडनला आलेली बेने इस्राएल मंडळी बसली होती. घरी मराठी बोलणारी ही ज्यू माणसं, आता मराठी निम्म्याहून जास्त विसरलेली. अमेरिकन फुटबॉल त्यांच्यापैकी कुणालाच कळत नव्हता. पण आपल्यातला एक मुलगा थेट अमेरिकेतल्या व्यावसायिक संघात आहे आणि तो संघ लंडनला सामना खेळायला आलाय म्हटल्यावर सगळे थर्मास आणि सँडविचेस घेऊन आले होते. मायकल अंकलनी तर सिनॅगॉगला घालायचा कोट चढवला होता. अर्धा सामना झाला तरी ऍरन एकदाही पळाला नाही, तेव्हा त्यांनी गर्शोनला हळूच विचारलं की मुलाला काही दुखापत वगैरे आहे का.

गर्शोनला, म्हणजे ऍरनच्या वडिलांना, नीट सांगता येईना. मग तनिषाने समजावलं. तनिषा त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहणारी नागपूरची मुलगी. एका बँकेत नोकरी करायची आणि या खेळाची तिला भारी हौस. तिने सांगितलं की कुणी गुण मिळवले की त्याच्यानंतर एक संघ लांबवर किक मारतो. दुसऱ्या संघाचा एक माणूस अगदी मागे उभा असतो, तो चेंडू झेलतो आणि समोरून धावत येणाऱ्या दहा-अकरा जणांना चुकवत जमेल तेवढा पुढे आणतो. ऍरनचं काम एवढंच, चेंडू परतवायचं. पण त्या पळापळीत इतक्या वेगाने टकरा व्हायच्या, इतकी डोकी जायबंदी व्हायची, की खेळ चालवणाऱ्यांनी नियम बदलत नेले. किक पुढून मारू लागले, म्हणजे चेंडू आपसूक बाहेर जातो. आणि यंदापासून तर असं, की झेलणाऱ्याने नुसता हात वर करून चेंडू पकडला, पळालाच नाही, तरी त्याच्या संघाला पुढचा खेळ सुरू करायला चांगली जागा मिळते.

"मग पळेल कशाला कोणी?" मायकल अंकल म्हणाले.

"तेच ना अंकल," तनिषा म्हणाली.

मंडळी हिरमुसली होती, गर्शोनचा चेहरा पडला होता, हे रिवकाला दिसत होतं. पण तिच्या मनात एकच गोष्ट चालली होती. ज्या कुणी दूरच्या ऑफिसात बसून हा नियम केला असेल, त्याच्या मुलाबाळांचं भलं होवो.

तिच्या या भीतीला कारण होतं. रिवका पश्चिम लंडनमधल्या एका हॉस्पिटलात डोक्याला मार लागलेल्या माणसांच्या वॉर्डात काम करायची. ती नर्स नव्हती, नर्सच्या हाताखालची मदतनीस. मोटारसायकलवरून पडलेले, परांचीवरून कोसळलेले, मारामारीत सापडलेले लोक तिथे यायचे. त्यांना घास भरवायचा, तोंड पुसायचं, त्यांचं नाव त्यांनाच पुन्हा पुन्हा सांगायचं. कितीतरी धडधाकट तरुण तिने चमचा तोंडाऐवजी गालाकडे नेताना पाहिले होते. आणि तिचा स्वतःचा मुलगा पोटापाण्यासाठी अकरा माणसांच्या तोंडावर धावत जायचा.

ऍरन लंडनच्या हाउन्सलो भागातच वाढला. शाळेत रग्बी खेळायचा तेव्हापासून तो कुणाच्या हाताला लागत नसे. गर्शोन तरुणपणी ठाण्यात कबड्डी खेळलेला. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याची नोकरी करून दमून आला, तरी संध्याकाळी बागेत मुलाला हुलकावणी शिकवायचा. डोळे एकीकडे, खांदा दुसरीकडे, पाय तिसरीकडेच. पुढे परदेशी खेळाडूंना अमेरिकन फुटबॉल शिकवणाऱ्या एका योजनेत ऍरन निवडला गेला. अमेरिकेत दोन हिवाळे त्याने नुसता सराव करण्यात काढले आणि मग एका थंड शहराच्या संघात त्याला जागा मिळाली. रिटर्न स्पेशालिस्ट. गर्शोन लोकांना सांगायचा, "आपली चढाईच ती. फक्त दम धरायला नको."

रविवारी संध्याकाळी सामने टीव्हीवर लागायचे. किक उडाली की रिवका डोळे मिटायची आणि गर्शोनने "उठला" म्हटलं की उघडायची. अशी तीन वर्षं गेली होती.

त्या दिवशी सामना संपल्यावर खेळाडूंच्या घरच्यांना कठड्यापाशी जाऊ दिलं. ऍरन आला. त्याच्या कपड्यांवर मातीचा एक डाग नव्हता. त्याने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, मायकल अंकलच्या कोटाचं कौतुक केलं, आणि मग आईकडे वळून म्हणाला, "सॉरी आई, तुम्ही सगळे एवढ्या लांब आला आणि मी काहीच केला नाही."

रिवकाने कठड्यावरून हात लांबवून त्याच्या मानेवरून फिरवला. "उभा दिसलास, तेवढं पुरे झालं मला," ती म्हणाली.

तो हसला, पण नीट हसला नाही.

नोव्हेंबर संपायच्या आत संघाने त्याला मोकळं केलं. पळायचंच नसेल तर हात वर करून चेंडू झेलायला वेगळा माणूस कशाला पोसायचा? ते काम कुणीही करू शकत होतं. ऍरनच्या कोचने, डॅरिल नावाच्या वयस्कर गृहस्थाने, त्याला खोलीत बोलावून स्वतः हे सांगितलं. तुझ्यात काही कमी नाही, तुझं कामच उरलेलं नाही, असं म्हणताना त्या माणसाचा आवाज भरून आला होता म्हणे. आठवड्याभरात ऍरन दोन बॅगा घेऊन हाउन्सलोच्या घरी, आपल्या जुन्या खोलीत परत आला.

रिवका नवस बोलली होती. मुलगा धड डोक्याने घरी आला तर एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करीन, असा. बेने इस्राएल लोकांत आनंदाच्या वेळी, नवस फेडताना, देवाचे आभार मानायचे तर मलिदा करतात. तिने आदल्या दिवशी पोहे निवडून ठेवले, नारळ खवला, साखर-वेलची घालून मोठं ताट भरलं, भोवती फळं मांडली. मंडळी जमली. प्रार्थना झाली. ऍरनला वाटलं होतं की डॅडींचा दुखरा गुडघा बरा झाला म्हणून हे चाललंय. शेवटी मायकल अंकल उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांसमोर मोकळ्या मनाने सांगितलं की आपला ऍरन त्या धोक्याच्या खेळातून कायमचा सुटला, म्हणून रिवका आज देवाचे आभार मानते आहे.

ऍरनने हातातली बशी खाली ठेवली. तो दार उघडून बाहेर गेला.

रिवका पदर सावरत तशीच त्याच्या मागे गेली. तो कोपऱ्यावरच्या बसस्टॉपच्या बाकावर बसला होता, अंगात जाकीटसुद्धा नव्हतं.

"आई, माझा जॉब गेली म्हणून तू थँक्यू म्हणाली?" त्याने विचारलं.

"हो," रिवका म्हणाली. "खोटं नाही बोलणार तुझ्याशी. म्हणाले."

"मला फक्त तेवढाच नीट येत होता, आई."

रिवका त्याच्याशेजारी बसली. एक बस आली, ड्रायव्हरने दार उघडून वाट पाहिली, कुणी चढत नाही असं पाहून निघून गेला. बराच वेळ बसून मग दोघं घरी परतली, तेव्हा मंडळी निरोप न घेताच पांगली होती आणि गर्शोन एकटाच ताटातली फळं झाकून ठेवत होता.

त्यानंतर भांडण असं झालं नाही. झालं असतं तर बरं, असं रिवकाला वाटायचं. ऍरनने विमानतळाजवळच्या एका मालाच्या गोदामात नोकरी धरली. पहाटे उठून जायचा, दुपारी यायचा, जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. रविवारी सामने लागायची वेळ झाली की तो खोलीत जाऊन झोपायचा, म्हणून गर्शोनने टीव्ही लावणंच सोडलं. रिवका रोज त्याला दारातून आत येताना बघायची. जो मुलगा जिना चढतानाही दोन पायऱ्या गाळून चढायचा, तो आता कठड्याला हात लावून एकेक पायरी चढत होता. दुखत काहीच नव्हतं. तिने विचारलं होतं.

फेब्रुवारीत एकदा खूप बर्फ पडला, बसेस बंद पडल्या, तेव्हा ऍरन शेजाऱ्यांची गाडी मागून आईला हॉस्पिटलातून आणायला गेला. तिचं काम उरकलं नव्हतं. ती त्या वेळी वीर नावाच्या एका तरुणाला जेवण भरवत होती. साउथॉलचा मुलगा, छपरावर काम करताना पडलेला. ऍरन दाराशीच थांबला. वीरची आई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून होती. रिवकाने चमचा वीरच्या मुठीत दिला, स्वतःची मूठ त्यावर ठेवली आणि हात सावकाश वर नेला. पहिल्यांदा सांडलं. दुसऱ्यांदा सांडलं. मग वीरने घास घेतला आणि त्याची आई, पलीकडून, रिवकाकडे बघून नुसती मान हलवत राहिली.

परतताना गाडीत ऍरनने विचारलं, तो मुलगा आपल्या आईला ओळखतो का. रिवका म्हणाली, सकाळी ओळखतो, दमला की नाही ओळखत. घरी पोचल्यावर ऍरन तिच्या आधी उतरला, तिच्या बाजूचं दार त्याने उघडलं आणि बर्फावरून तिला दंडाला धरून आत नेलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी पुन्हा बोलू लागला.

मार्चअखेर तनिषा ऑफिसातून आली तीच धापा टाकत स्वयंपाकघरात शिरली. अमेरिकेत नियम पुन्हा बदलला होता. चेंडू परतवणं खेळातून जवळजवळ संपलं हे तिथल्या लोकांनाही रुचलं नव्हतं, म्हणून वर्षभर प्रयोग म्हणून नवी पद्धत आणली होती. रिवकाने तिला चहा दिला आणि म्हणाली, मला नीट समजाव, घाई करू नकोस.

तनिषाने टेबलावर चमचे मांडले. आधी असं होतं आंटी, ती म्हणाली, की हे सगळे तिकडून, किक मारणाऱ्याच्या बाजूने, निम्म्याहून जास्त मैदान धावत यायचे आणि इकडच्यांवर आदळायचे. तिने चमचे टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकवले. आता किक मारणारा तिकडे लांब एकटाच. बाकीच्या दोन्ही रांगा इकडे, एकमेकांसमोर, अगदी जवळ. चेंडू खाली पडेपर्यंत किंवा कुणी झेलेपर्यंत जागचं हलायचं नाही. म्हणजे कुणाला वेगच घेता येत नाही. टक्कर होते, पण ढकलाढकलीसारखी. आणि चेंडू परतवावा लागतो, कारण नुसता बाहेर घालवला तर किक मारणाऱ्याचं नुकसान.

रिवका चमच्यांकडे बघत राहिली. "म्हणजे पळणाऱ्यांची गरज पडणार," ती म्हणाली.

पडलीच. पंधरवड्याने डॅरिल कोचचा फोन आला. उन्हाळ्यात सरावाला ये, संघात घेईनच असं वचन देत नाही, पण तुला बघायचं आहे, असं तो म्हणाला. ऍरनने त्याचे आभार मानले आणि घरी विचारून सांगतो म्हणाला. कोचला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जेवणं झाल्यावर ऍरनने आईवडिलांना सांगितलं. गर्शोनने आधी बायकोकडे पाहिलं आणि मग उठून खिडकीचा पडदा उगाच सारखा केला. त्याला काय वाटत होतं ते उघड होतं, पण या घरात हा निर्णय कुणाचा आहे हेही त्याला माहीत होतं.

"तू नको बोलली तर मी नाही जाणार," ऍरन आईला म्हणाला. "मी पाहिला तुझ्या वॉर्डमध्ये. मी रागावणार पण नाही. प्रॉमिस."

तो खरंच तसं वागला असता. ते तिला कळत होतं, आणि त्यामुळेच तिला जास्त अवघड जात होतं. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. गोदामाची नोकरी बरी होती. मुलगा रोज दुपारी घरी येत होता, धड येत होता, तिच्या हातचं खात होता. याच्यापेक्षा जास्त तिने देवाकडे कधी मागितलं नव्हतं.

"किती जवळून येतील ते तुझ्यावर?" तिने विचारलं.

ऍरन उठला. मागचं दार उघडून तो परसात गेला, कुंपणाला पाठ लावून उभा राहिला आणि शेजारच्यांचं अंगण, त्यापलीकडच्यांचं, असं मोजत हाताने अंतर दाखवू लागला. आधी कुठून यायचे आणि आता कुठे उभे असतील, आणि त्यांच्या नि माझ्या मध्ये माझीच माणसं कशी असतील. बोलता बोलता त्याचे पाय हलू लागले. अंगणातल्या फरश्यांवर तो डावीकडे सरला, थांबला, उजवीकडे निसटला, गर्शोनने लावलेल्या पुदिन्याच्या कुंडीला वळसा घालून दारापाशी आला. महिनोन्‌महिने रिवकाने त्याला असं हलताना पाहिलं नव्हतं.

"जा," ती म्हणाली.

"आई, शुअर?"

"मी देवाकडे तुझं डोकं मागितलं होतं, ऍरन. तुझे पाय काढून घे असं नव्हतं मागितलं. जा तू."

तो गेला. उन्हाळाभर त्याचे छोटे छोटे फोन येत राहिले. नवी पद्धत त्याला वाटली होती तशी सोपी नव्हती. पूर्वी चेंडू झेलला की समोर मोकळं रान असायचं, विचार करायला, हुलकावणी द्यायला वेळ असायचा. आता माणसांची भिंत ठरलेल्या जागी उभी असायची, त्यात एखादी फट दिसली तर त्याच क्षणी सरळ घुसायचं, नाहीतर संपलं. अशा कामाला रुंद खांद्यांचे, भारी अंगाचे गडी बरे पडतात. ऍरन अंगाने किरकोळ. तरी डॅरिल कोचने त्याला ठेवून घेतलं. मागे आता दोघं उभे राहतात, त्यातला एक मला तूच हवा, असं तो म्हणाला. ऍरनने हे फोनवर सांगितलं तेव्हा गर्शोन मध्येच उठून बाहेर गेला आणि नाक शिंकरून आला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी संध्याकाळी, गर्शोन, रिवका आणि तनिषा टीव्हीपुढे बसले होते. मायकल अंकलही आले होते. मलिद्याच्या दिवशी आपण भलतं बोलून गेलो हे त्यांच्या मनाला लागलं होतं, म्हणून ते आता एकही सामना चुकवत नसत. दुसऱ्या संघाने नुकतेच गुण केले होते. किक मारणारा लांब एकटा उभा होता. दोन्ही रांगा समोरासमोर ठेवल्यासारख्या स्तब्ध. मागे कोपऱ्यात ऍरन.

रिवकाने ठरवून डोळे उघडे ठेवले.

चेंडू उंच आला आणि ऍरनच्या थोडा अलीकडे जमिनीवर पडून वेडावाकडा उसळला. रांगा एकमेकींना भिडल्या. ऍरनने पुढे झेपावून तो उचलला, एका पावलापुरता थांबला, आणि भिंतीत जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे घुसला. क्षणभर तो दिसेनासा झाला. गर्शोनने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग त्या गर्दीच्या पलीकडच्या बाजूने ऍरन बाहेर पडला आणि त्याच्यापुढे एकटा किक मारणारा आणि सगळं मोकळं मैदान उरलं. त्याने त्या माणसाकडे बघत खांदा एकीकडे टाकला आणि दुसरीकडून गेला. टीव्हीवरचे लोक त्याचं आडनाव चुकीचं उच्चारत मोठमोठ्याने काहीतरी सांगत होते. शेवटच्या रेषेच्या जरा आधी मागून आलेल्या एका वेगवान गड्याने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं गवतावर घसरत गेले.

रिवकाने तरी डोळे मिटले नाहीत.

ऍरन उठला. ज्याने पाडलं त्याला त्याने हात देऊन उठवलं. मग डॅरिल कोच कडेने धावत येताना दिसला, त्या वयात, टोपी पडली तरी न थांबता.

"मी पाहिलं," रिवका म्हणाली. "सगळं पाहिलं." ती गर्शोनला म्हणत होती, पण गर्शोन रडत होता, त्यामुळे तिने ते तनिषाला पुन्हा सांगितलं.

तेवढंच. त्या मोसमात ऍरनने आणखी काही किक परतवल्या, कधी बऱ्या, कधी नुसत्याच. पुढच्या वर्षासाठी संघाने एक भक्कम, तरुण पोरगा घेतला, नव्या नियमाला साजेसा. डॅरिल कोचने या वेळीही ऍरनला खोलीत बोलावून स्वतः सांगितलं. या वेळी मात्र ऍरननेच त्याची समजूत काढली. ज्या वर्षी माझं काम जगातून गेलं होतं, त्याच्यानंतर तुम्ही मला एक अख्खं वर्ष दिलंत, असं तो म्हणाला, आणि दोघं बराच वेळ जुन्या सामन्यांबद्दल बोलत बसले.

घरी फोन केला तेव्हा आवाज शांत होता. "आई, आता संपला," तो म्हणाला. "पण मागच्या टाइमसारखा नाही. हा वर्ष मला बोनस मिळाला. तुझ्यामुळे मिळाला."

"माझ्यामुळे कसला," रिवका म्हणाली. "चल, ये आता. काय खाणार ते सांग."

फोन ठेवल्यावर तिने स्टोव्ह पेटवला आणि पाणी ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली. मुलगा धड परत येत होता म्हणून तिला देवाचे आभार मानायचे होते. तो पळाला म्हणूनही मानायचे होते. आणि आता तो पुन्हा कधी पळणार नाही, याचं वाईटही तिला वाटत होतं. हे तिच्या स्वतःच्याच ध्यानात आलं आणि तिला नवल वाटलं.

जानेवारीतल्या एका सकाळी गर्शोन आणि रिवका त्याला आणायला हीथ्रोला गेले. ऍरन रात्रभराचा प्रवास करून आलेला, डोळे लाल, दाढी वाढलेली. टॅक्सी करू म्हणाला गर्शोन, पण ऍरनला बसनेच जायचं होतं. एकशे अकरा नंबरची बस समोरच उभी होती. बॅगा खाली जागेवर लावून तिघं मागच्या बाकावर बसले, ऍरन मध्ये. रिवकाने पिशवीतून पोळीची गुंडाळी काढून दिली. त्याने अर्धी खाल्ली. पुढे काय करणार हे गर्शोनने विचारलं नाही आणि ऍरननेही तो विषय काढला नाही. क्रॅनफर्ड यायच्या आधीच त्याचं डोकं कलून आईच्या खांद्यावर आलं. उरलेली पोळी हातातच होती. ती रिवकाने हळूच काढून घेतली.

हाउन्सलो आलं. आपला स्टॉप जवळ येताना दोघांनाही दिसला. गर्शोनने घंटीच्या बटणाकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग बायकोकडे. रिवकाने मान हलवून नको म्हटलं. बस न थांबता पुढे गेली. घर असलेली गल्ली खिडकीतून मागे सरकली. माणसं चढत होती, उतरत होती, शाळेत जाणारी मुलं गलका करत होती. ऍरन जागा झाला नाही. रिवकाचा खांदा अवघडून गेला होता, तरी तिने तो हलवला नाही. किंग्स्टनजवळ बस थेम्सच्या पुलावर चढली, तेव्हा नदीवरचं धुकं विरत होतं आणि तिघांच्या गुडघ्यांवर कोवळं ऊन आलं होतं.